नऊ मिनिटांची रेघ

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा नात चौथीत होती. इंग्रजीत चार ओळी आणि खाली वर्गशिक्षिकेची सही. मुलगी वर्गात बसलेली असते पण लक्ष नसतं, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, काही विचारलं की खिडकीकडे बघते, गणिताच्या पेपरावर नुसतं नाव लिहून ठेवलं. सुनेने चिठ्ठी वाचली आणि माझ्यापुढे ठेवली. सासूला आमच्याकडे आत्ते म्हणतात. "आत्ते, तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. आपल्या घरच्या पोरीचा पेपर कोरा?" टोमणे मारायचा तिचा स्वभाव नाही, तरी मला ते जिव्हारी लागलं. शाळेत पोरं मला चळचळा कापायची. माझ्या तासाला कोरा पेपर देण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या रात्री जेवताना मी नातीकडे नीट बघितलं. भातात बोट फिरवत बसली होती. मला कारण ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक असावं अशी भीती होती, आणि ती भीती मी तीन वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

घरात आम्ही तिघीच. मी, सून आणि नात. आमचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तंजावुरास आले आणि इथलेच होऊन गेले. आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात तमिळ, आणि रागावलो की दोन्ही. लिहायचं झालं तर मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात आमच्याकडे. देवनागरी वाचणारी घरात मी एकटी, तीही हौसेने शिकलेली. माझा मुलगा त्यावरून मला चिडवायचा. "अम्मा, तुला कोण पत्र धाडणार आहे पुण्याहून?" म्हणायचा. तो गेला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तो दिवस त्याच्या वडिलांच्या तिथीचा होता. सून ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस तिरुच्चीला गेलेली, म्हणून सगळा स्वयंपाक माझ्या एकटीवर. मी पहाटे न्हाऊन मडी नेसले होते. मडी म्हणजे आमचं सोवळं. आदल्या दिवशी धुऊन, कुणाचा हात लागणार नाही अशी उंच काठीवर वाळवलेली नऊवारी. ती नेसली की शिजवून संपेपर्यंत कशाला शिवायचं नाही. मुलाला धावायचं वेड. रोज सकाळी पुदु आरुच्या काठाने जायचा. नाव 'नवी नदी', पण तो आहे कावेरीवरच्या कल्लणै धरणातून येणारा मोठा कालवा. त्या दिवशीही बूट घालून निघाला. "आज तरी त्या पायांना विश्रांती दे रे, मेल्या!" मी आतून ओरडले. "शास्त्री अकराला येणार अम्मा, मी आठाला घरात," म्हणाला आणि गेला.

माझे हात वड्यांच्या पिठात होते. हॉलमध्ये बुटक्या फ्रिजवर माझा फोन वाजायला लागला. नात तेव्हा सहा वर्षांची. तीही न्हाऊन, परकर नेसून उभी होती. टाचा उंचावून तिने बघितलं आणि म्हणाली, "अज्जी, अप्पा." मी म्हटलं, "वाजू दे. केळीची पानं किती आणू विचारत असेल. हात लावू नको, मडी आहे." हे त्याचं नेहमीचंच होतं हो. कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन तीन फोन करायचा, कोथिंबीर आणू का, किती आणू, सुकलेली आहे, चालेल का. फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. मी घेतला असता तर मडी मोडली असती, परत अंघोळ, दुसरी वाळलेली साडी नाही, वड्यांना उशीर. फोन चार वेळा वाजला. मी चारही वेळा ऐकला.

साडेसातच्या पुढे दूधवाला फाटकाशी मोटरसायकल आडवी टाकून ओरडत आला. त्याने ओळखलं होतं. शटरच्या जवळ, करंजाच्या झाडाखाली पडला होता मुलगा. कालव्याचं पाणी जिथे वळवतात तिथे लोखंडी दारं आहेत, त्यांना इथे शटर म्हणतात. दूधवाल्यानेच त्याला ऑटोत घालून दवाखान्यात धाडलं होतं. हृदय. वय अडतीस. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. एवढंच म्हणाले. बिचाऱ्यांना काय ठाऊक की हे वाक्य कुणाच्या कानात जन्मभर राहणार आहे.

संध्याकाळी सून तिरुच्चीहून आली. तिने मुलाच्या मोबाइलमध्ये माझ्या नावावर चार कॉल बघितले. मला विचारलं. ओरडून नाही, नुसतं विचारलं. मी म्हटलं, "सायलेंटवर होता गं माझा फोन." नात माझ्या मांडीवर होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. माझ्या फोनमधून ते चार कॉल मी दुपारीच पुसून टाकले होते. कसे पुसायचे हे मला येत नव्हतं, त्या दिवशी आलं.

त्यानंतर तीन वर्षं माझा जीव एकाच गोष्टीला टांगलेला होता. पोरीला आठवतंय का? सहा वर्षांची मुलं विसरतात म्हणतात. आणि नाही विसरली तर? ती माझ्या हातचं जेवायची, माझ्याकडून वेणी घालून घ्यायची, आणि मला वाटायचं की ही मला शिक्षा देत नाही कारण हिला ठाऊक नाही. किंवा ठाऊक आहे म्हणूनच.

चिठ्ठी आल्यावर मी तिला घेऊन बसले. पाढे, भागाकार, अपूर्णांक. तीन दिवस माझा घसा सुकला. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं, मी वही आपटली. "काय करायचंय तरी काय तुला?" ती शांतपणे म्हणाली, "धावायचंय. अप्पाच्या रस्त्याने."

सून ऐकून पांढरी पडली. "तोच रस्ता? तंजावुरात दुसरा रस्ता नाही?" मग तीच तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, छातीला तारा लावून तपासून आणलं. पोरीला काही नव्हतं. तरी सुनेने आठवडा जाऊ दिला. मग म्हणाली, "आत्ते, तुम्ही बरोबर जाल तरच. आणि अभ्यास व्हायला पाहिजे." मी लगेच हो म्हटलं. इतकी पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

मी धावणार कशी? गुडघे दोन्ही गेलेले. ती पुढे आणि मी मागे स्कूटीवर, हळूहळू, असं ठरलं. शर्त मी घातली. "रोज धावणं झालं की एक गणित. आणि गणित धावण्यातलंच. पुस्तकाला हात लावायचा नाही." तिने पहिल्यांदा डोळे मोठे केले. "खरंच?" "खरंच. आणि चुकलीस तर दुसऱ्या दिवशी धावणं नाही." अशा बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

पहिला प्रश्न तिनेच काढला. फाटकापासून करंजाच्या झाडापर्यंत अंतर किती? मोबाइलवर बघता येतं म्हणाली. मी म्हटलं, मोबाइलवर बघणाऱ्याला काय येतं? जुन्या सायकलच्या चाकाच्या आऱ्याला लाल फीत बांधली, चाकाचा एक फेरा जमिनीवर खडूने मोजला. दोन मीटर दहा सेंटिमीटर. मग ती सायकल ढकलत निघाली आणि फीत खाली आली की मोजायची, मी मागून खडूने हातावर शेकडे मांडायचे. सातशे बासष्ट फेरे. रस्त्यातच, कठड्यावर बसून तिने गुणाकार केला. सोळाशे मीटर आणि वीस सेंटिमीटर. मी म्हटलं, वीस सोडून दे. नाही सोडले तिने. "वीस सेंटिमीटर म्हणजे एवढं, अज्जी," म्हणून वीत पसरून दाखवली. "एवढ्याने राहून जातं कुणीतरी." मी स्कूटीची किल्ली शोधत असल्यासारखं केलं.

पहिल्या दिवशी तिला चौदा मिनिटं लागली, निम्मा रस्ता चालत. घरी येऊन तिने चौकटीच्या वहीत आडवी तारीख, उभी मिनिटं मांडली आणि एक ठिपका काढला. मग पट्टी घेऊन नवावर लाल रेघ मारली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "नऊच का?" "असंच." तिला त्याच महिन्यात नऊ वर्षं पूर्ण झाली होती, मला वाटलं वयाचा आकडा असेल. पोरं असं करतात. मी दुसरं काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

नंतर मला शिकवायचा हुरूप चढला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून जे जमलं नव्हतं ते त्या कालव्याच्या काठी जमत होतं. नाडी कशी बघायची ते शिकवलं. बसल्यावर चौऱ्याऐंशी, धावून आल्यावर एकशे अडुसष्ट. "दुप्पट!" ती किंचाळली. हृदय काय करतं, रक्त कुठून कुठे जातं, तिने स्वतःच पुस्तक उघडून बघितलं. मी तिचं मनगट धरायचे आणि मोजायचे, आणि तिला वाटायचं हा विज्ञानाचा तास आहे. मी एकेक ठोका ऐकत असायचे. एकही चुकला नाही की मग माझा श्वास सुटायचा.

श्वास फार फुलायचा तेव्हा तिच्या पाटाच्या बाईंनी, म्हणजे गाणं शिकवणाऱ्यांनी, उपाय सांगितला. त्या तिरुवैयारूहून येतात. आदि ताल धरून धाव म्हणाल्या. आठ मात्रा, चारांत श्वास आत, चारांत बाहेर. झालं! नात मांडीवर थाप मारत धावायला लागली. रोज दोन ओळी लिहायच्या, हीही शर्त होती, आणि मराठीत. तमिळ अक्षरांत मराठी लिहायची ती. 'आज मुंगूस आडवं गेलं. घाम डोळ्यात गेला, खारट. अप्पाच्या झाडाखाली मुंग्या आहेत.' अक्षर वाकडं, पण एकही दिवस चुकवला नाही.

इतिहास शिकवायचा म्हणून मी तिला सांगितलं की आपल्या राजांच्या वेळी ओरत्तनाडूला मोठं छत्रम होतं, वाटसरूंना जेवण, निजायला जागा, आजाऱ्याला औषध. निरोप घेऊन जासूद धावत जायचे. तिने लगेच विचारलं, "किती लांब?" तेवीस किलोमीटर. तेव्हा ती सोळाशे मीटर दहा मिनिटांत पार करत होती. पेन्सिल चावत तिने मांडणी केली आणि म्हणाली, "माझ्या चालीने दोन तास चोवीस मिनिटं. न थांबता." मग थोडं थांबून, "आणि जासूद पोचेपर्यंत आजारी माणूस मेला तर?" मी म्हटलं, "मग निरोप उशिरा पोचला म्हणायचं." "कुणाची चूक?" "कुणाची नाही," मी म्हटलं, आणि तिची वही मिटून ठेवली.

शाळेतून दुसरी चिठ्ठी आली. मुलगी सुधारली, गणितात वर्गात पहिली. सुनेने ती चिठ्ठी देवापाशी ठेवली आणि माझ्यासाठी हलव्याच्या वड्या करवून आणल्या. "आत्ते, तुम्ही नसतात तर माझी पोर हातची गेली होती," म्हणाली. मी वडी न खाता डब्यात परत ठेवली.

कारण धावणाऱ्या पोरीमागून रोज स्कूटीवर जाणं काय असतं ते मलाच ठाऊक. पोरगी बापासारखी धावते. डावा खांदा जरा खाली, मान किंचित उजवीकडे. पाठमोरी बघितली की मला सहा वर्षांची नाही, नऊ वर्षांची नाही, अडतीस वर्षांची पाठ दिसायची. करंज जवळ आला की मला फोन ऐकू यायचा. तीच वाजण्याची चाल, फ्रिजच्या पत्र्यावर थरथरत. मी फोन बदलला होता, चाल बदलली होती, घरातला फ्रिजसुद्धा बदलून झाला होता. तरी चार वेळा वाजायचा आणि थांबायचा. त्या दिवसापासून मी मडी नेसले नाही. बापलेकांची तिथी आता एकच, चुलत घरातला पोरगा येऊन करतो, आणि स्वयंपाकाला मी बाईला बोलावते. लोकांना वाटतं, पुत्रशोकाने म्हातारीने सोडलं. वाटू दे.

आणि रविवार. सून मुलाचा मोबाइल कपाटात साडीत गुंडाळून ठेवते. दर रविवारी सकाळी काढून चार्जला लावते, तासभर. कुणी वापरत नाही, नंबर केव्हाच बंद झालाय. पण बंद पडू द्यायचा नाही म्हणते. तो हिरवा दिवा लागला की मी मागच्या अंगणात निघून जाते.

जूनमध्ये कालव्याला पाणी आलं. आधी कुणीतरी कल्लणैला सोडल्याचं सांगतं, मग वाट बघायची. त्या सकाळी बायका काठावर फुलं आणि हळद घेऊन उभ्या होत्या. सुक्या पात्रातून पाणी येताना मी आयुष्यभर बघितलं, तरी बघायला जाते. फेस, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या पुढे ढकलत, माणसाच्या चालीने येतं. नात पाण्याच्या टोकाबरोबर धावली. मग मागे वळून ओरडली, "अज्जी, हे माझ्यापेक्षा हळू आहे! मी आधी पोचते!" भूगोलाचा सुंदर धडा होता तो. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

त्याच आठवड्यात तिने एक नवीनच काढलं. "अज्जी, आज मी नाही धावत. आज तू स्कूटीने जा, नेहमीसारखी, सावकाश. मी घड्याळ लावते. वेगाचं गुणोत्तर काढायचंय." मी मनात म्हटलं, वा, पोरीला गुणोत्तर सुचतंय! फाटकाशी तिने माझा जुना शाळेतला स्टॉपवॉच हातात घेतला आणि मी निघाले. झाडाखाली पोचले की हॉर्न वाजवायचा असं ठरलेलं. कालव्याच्या काठी सकाळचं ऐकू येतं इतकं लांब. मी हॉर्न वाजवला आणि परत आले. "किती?" "चार मिनिटं," ती म्हणाली. घरी येऊन मी वही बघितली. त्या दिवशी काही लिहिलं नव्हतं. ठिपका नाही, ओळ नाही, गुणोत्तरही नाही. "विसरलीस वाटतं?" तिने मान हलवली आणि दूध प्यायला गेली. शिस्तीची मी, एरवी ओरडले असते.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी तिने रेघ गाठली. मी मागून येत होते, घड्याळ माझ्या गळ्यात. शेवटच्या वळणावर ती अशी सुटली की मला स्कूटी वाढवावी लागली. तिने झाडाच्या बुंध्याला हात लावला आणि मी बटण दाबलं. "आठ बावन्न! अगं बाई! रेघेच्या खाली गेलीस की! शाबास माझी वाघीण!"

तिने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. झाडाखाली उकिडवी बसली, हात मातीवर टेकले. धाप लागली होती, पण ती नुसती धाप नव्हती. मी स्कूटी स्टँडला लावून जवळ गेले तर तोंड भिजलेलं.

"पोचले असते," ती म्हणाली.

"कुठे गं?"

"अप्पाकडे." मग हुंदके देत, पण अगदी आकडे मांडावेत तशी बोलायला लागली. "पहिला फोन सात वाजून दोन मिनिटं. शेवटचा सात अकरा. अम्मा रविवारी चार्ज करते ना, मी त्यात बघितलं. म्हणजे नऊ मिनिटं अप्पाला फोन करता येत होता. नवाच्या आत कुणी आलं असतं तर."

मला ते आकडे ठाऊक नव्हते. मी बघायच्या आधीच पुसले होते.

"अगं, तू सहा वर्षांची होतीस," मी कसंबसं म्हटलं. "सहा वर्षांच्या पोरीला एवढं धावता येत नाही."

"मी काढलंय ते. सतरा मिनिटं लागली असती. पण अज्जी, मी निघालेच नाही ना. मला नाव दिसत होतं. अप्पाचं नाव दिसत होतं आणि मी उभी राहिले."

"मी तुला सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून."

"हो," ती म्हणाली.

तीन वर्षांत तो विषय आमच्यात पहिल्यांदा निघाला होता. माझ्या मनातला प्रश्न माझ्याही आधी बाहेर पडला. "मग ती स्कूटीची चार मिनिटं का नाही लिहिलीस?"

तिने नाक पुसलं. "अम्मा वही बघते. चार नवाच्या आत येतात."

मी तिथे मातीत बसले. गुडघ्यांचं काय होईल याचा विचार केला नाही. माझ्यावर कधी कुणी एवढी दया केली नव्हती आणि मला ती सोसवेना. नऊ वर्षांची पोर, माझं खोटं पोटात ठेवून, वर हिशोब करून, उत्तर काढून, ते उत्तर लपवून बसली होती. आणि दोष स्वतःकडे घेऊन रोज सकाळी धावत होती. मी गुणाकार शिकवत होते! मी मनगट धरून ठोके मोजत होते! मेलं माझं मास्तरपण.

मी तिचे दोन्ही हात धरले. "ऐक. फोन वाजत होता, मला ऐकू येत होता. मी घेतला नाही. माझी मडी मोडेल म्हणून घेतला नाही. आणि मग तुझ्या अम्माशी खोटं बोलले. तू काही केलं नाहीस. उभी राहिलीस ती माझ्या सांगण्यावरून. चूक सगळी माझी आहे. समजलं?"

"मग अम्माला सांगशील?"

"आज सांगते."

"आज आज?"

"आत्ता," मी म्हटलं.

शनिवारी सुनेचं अर्धं ऑफिस असतं. आम्ही पोचलो तेव्हा ती डबा भरत होती. मी चपला काढल्या नाहीत, हॉलमध्येच उभी राहिले आणि सांगितलं. सायलेंटवर नव्हता. चारही वेळा ऐकला. पुसलेही मीच. बोलताना मला माझाच आवाज परका वाटत होता. सुनेच्या हातात भाताचा चमचा होता, तो तिने हळूच पातेल्यात ठेवला. माझ्याकडे नाही, पोरीकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तेव्हापासून?"

"हो."

सून खुर्चीवर बसली. बाहेर रस्त्यावर भाजीवाला भोंगा लावून गेला, तो पार पलीकडच्या गल्लीत गेल्यावर ती बोलली. "फोन नाही घेतलात, आत्ते, त्याचं मी एक वेळ गिळीन. मी अंघोळीला असते तर माझ्याही हातून राहिला असता. पण हे तुम्ही माझ्या पोरीच्या पोटात ठेवलंत. सहा वर्षांच्या पोरीच्या. आणि मी तुम्हाला हलवा दिला." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ती ऑफिसला गेली नाही. पोरीला घेऊन वरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने मला पोरीचं रडणं ऐकू आलं, मोठ्याने, लहान मुलं रडतात तसं. बाप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मग दोघींचं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते.

त्या दिवशी नात दुपारी जेवली ती पोटभर, आणि संध्याकाळपर्यंत झोपली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. सून माझ्याशी कामापुरतं बोलते. औषध घेतलं का, गॅस आलाय, एवढंच. आदराने बोलते, त्यात काही कमी नाही, आणि तेच मला घरभर फिरताना चावतं. तिने तिरुच्चीला बदली मागून घेतली. मिळाली. माझ्या मनात आलं होतं पाय धरावेत, पण कुठल्या तोंडाने धरणार? महिनाअखेर दोघी जातील. पोरीला तिथली शाळाही मिळाली, गणिताचे गुण बघून लगेच घेतलं म्हणे.

काल नात खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती आणि मी कडेला बसून पुस्तकांना कागद लावून देत होते. हल्ली ती भरभरून बोलते. तिथल्या मैदानाबद्दल बोलत होती, कुठल्याशा मैत्रिणीबद्दल. मध्येच थांबली.

"अज्जी, एक विचारू? तू मला धावू दिलंस ते मला अभ्यास यावा म्हणून, की मला आठवतंय का ते तुला बघायचं होतं?"

खोटं बोलायला मला एक क्षण पुरला असता. जीभ सवयीची आहे.

"दोन्ही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाली, आणि पुढचं पुस्तक उचलून माझ्यापुढे केलं.